ऐंशीवा प्रश्न

"पाण्याचं सूत्र सगळ्यात वर ठेवू ना, सर?"

"ठेव. ते तर पाचवीतलं पोरगंही झोपेत सांगेल."

मी ती पत्रिका गड्डीच्या वर ठेवली. उमरकर सर प्रश्न नेहमी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहीत. कागद जाड, हाताळायला बरा, आणि आमच्या गावात लग्नांना काही तोटा नव्हता. एका पत्रिकेवर एक प्रश्न. असे ऐंशी प्रश्न शिक्षकखोलीतल्या लांब टेबलावर पसरले होते, आणि सोप्यापासून अवघडापर्यंत त्यांची रांग लावायचं काम सरांनी माझ्यावर सोपवलं होतं.

"शेवटी काय येतंय?"

"नळ आणि टाकी. दोन नळ टाकी भरतात, तिसरा रिकामी करतो, आणि मध्येच एक बंद पडतो."

"अरे बापरे! तो तर मलाच चार मिनिटं नाचवत होता." सरांनी पत्रिका उलटून पाहिली. "चि. पुंडलिक आणि चि. सौ. कां. रत्नमाला. यांच्या घरी नळ येतो की नाही कोणास ठाऊक."

मी खळखळून हसले. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता, कूलर नुसता खडखडत होता, आणि मी फार सुखात होते. चोवीस वर्षांची होते, ज्या शाळेत शिकले त्याच शाळेत शिकवत होते, आणि ज्यांनी मला आठवी ते दहावी गणित शिकवलं ते उमरकर सर मला अजून 'निर्मला' म्हणत. चारचौघांत तेवढं 'खोडे मॅडम'. माझी नेमणूक तात्पुरती, दरवर्षी एकेका वर्षाची ऑर्डर. टेबलाभोवती खुर्च्या सेवाज्येष्ठतेनुसार लावलेल्या असत. सरांची पहिली, माझी चौथी. माझ्यानंतर फक्त शिलाईच्या अर्धवेळ बाई.

"आता ऐक," सर म्हणाले. "दोन संच करायचे. पांढऱ्या कागदावर एक, पिवळ्यावर एक. शेजारी बसणाऱ्या दोघांना वेगवेगळे, म्हणजे कॉपीची भानगड नको. पांढरा तू याच क्रमानं स्टेन्सिलवर काप. पिवळा मी कापतो, प्रश्न जरा पिसून. तुझ्या बोटांना कशाला दुप्पट त्रास?"

एवढा मोठा माणूस माझ्या बोटांची काळजी करतो म्हणून मला भरून आलं होतं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

ही परीक्षा साधी नव्हती. नागपूरची एक संस्था तालुक्यातल्या शाळांमधून दरवर्षी दोन मुलं निवडायची आणि अकरावी-बारावी विज्ञानाला त्यांना राहण्या-जेवण्यासकट ठेवून घ्यायची. आमच्या गावात अकरावीला फक्त कला शाखा. चाचणी आमच्याच शाळेनं घ्यायची आणि पहिल्या दोघांची नावं कळवायची, अशी पद्धत. त्या वर्षी दहावीची अठ्ठावीस मुलं बसणार होती. पण माझ्यासाठी एकच बसणार होती. चंदा घोडमारे.

चंदाचे वडील बसस्टँडवर हमाल होते. आठवीत असताना तिनं जिल्ह्याहून आलेल्या एका माणसाला विहिरीचं पाणी तपासताना पाहिलं होतं. बाटलीत थेंब टाकला की पाण्याचा रंग पालटायचा. तेव्हापासून या पोरीनं माझं डोकं खाल्लं होतं. तो थेंब कशाचा? रंग काहून पालटतो? पाण्यात खराब काय असते ते त्या थेंबाले कसं कळते? मला जेवढं येत होतं तेवढं मी सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "बाई गं, त्यासाठी विज्ञान शिकावं लागतं." तिनं ते इतकं मनावर घेतलं की दोन वर्षांत माझ्या पुढच्या पायरीवर जाऊन बसली.

एकच खोट होती. सरावाच्या एका परीक्षेत तिनं अवघड म्हणून नववा प्रश्न सोडला आणि दहाव्याचं उत्तर नवव्याच्या गोळ्यात काळं केलं. तिथून पुढे सगळंच एकेका घरानं सरकलं. सत्तरच्या वर मिळवणाऱ्या पोरीला अकरा मार्क. ती रडली नाही, नुसती त्या कागदाकडे बघत राहिली. मग मी तिच्याकडून शपथच घेतली. "एकही प्रश्न सोडायचा नाही. क्रमानं जायचं. अडलीस तरी उत्तर देऊनच पुढे. उडी मारायची नाही म्हणजे नाही."

"नाई मारणार, मॅडम. माह्यी शप्पथ."

ही हकिकत मी सरांना मोठ्या कौतुकानं सांगितली होती. सरांनी हातातला चहा खाली ठेवला. "फार छान. हे सगळ्यांनाच सांगायला हवं." आणि दुसऱ्याच दिवशी वर्गात येऊन त्यांनी सांगितलं, "खोडे मॅडमनी एक नियम केलाय, तो आजपासून सगळ्यांना. पेपर क्रमानंच सोडवायचा. जो उडी मारेल त्याचा पेपर मी तपासणार नाही." माझं नाव घेऊन सांगितलं, तेव्हा मी खुशीत फळा दोनदा पुसला.

रविवारी सकाळी आठला परीक्षा झाली. वेळ एक तास. कोण कुठे बसणार याचा तक्ता सरांनी स्वतः केला होता. चंदाच्या शेजारी अश्विनी डफळे. पोस्टमास्तरांची मुलगी, तीही हुशार. सरावात दोघींचे मार्क जवळजवळ सारखेच असत. मला वाटलं, दोन हुशार मुली एका बाकावर म्हणजे वातावरण चांगलं राहील. पेपर मी वाटले. डावीकडे पांढरा, उजवीकडे पिवळा. चंदा उजवीकडे होती.

"मॅडम, पेन," तिनं मला खूण केली आणि मी आदल्या दिवशी दिलेलं पेन खिशातून काढून दाखवलं. हसली. मग घंटा झाली आणि सगळ्या माना खाली गेल्या.

पर्यवेक्षकानं तोंड उघडायचं नाही, हा सरांचा कडक नियम. ते समोर टेबलाशी एक वही घेऊन बसले होते. दर दहा मिनिटांनी उठायचे, बाकांमधून एक फेरी मारायचे, परत येऊन काही लिहायचे. मला वाटलं हजेरी.

पंधरा मिनिटांनी मी चंदाच्या बाकाजवळून गेले. अश्विनी तिसाव्या प्रश्नावर होती. चंदा चौथ्यावर. तिच्या कच्च्या कागदावर गणितांची दाटी झाली होती, आणि पिवळ्या पेपरावर पहिला प्रश्न होता नळ आणि टाकी.

मी तो प्रश्न पुन्हा वाचला. पण मनाला म्हटलं, पिसताना गेला असेल वर. पत्त्यांतही कधी पहिलाच एक्का येतो. पुढे सोपे लागतील.

चंदानं मान वर केली. तिचे डोळे मला एकच विचारत होते, आणि ते मला पुस्तक वाचावं तसं वाचता येत होतं. सोडू का? मारू का उडी?

मी सरांकडे पाहिलं. सर माझ्याकडेच बघत होते. मी तोंड उघडलं नाही. नुसती मान हलवली, 'नाही' अशी. चंदानं निमूटपणे खाली पाहिलं आणि चौथ्या प्रश्नाशी परत झुंजायला लागली.

सोमवारी दुपारी शिक्षकखोलीत आम्ही दोघंच पेपर तपासायला बसलो. भोकं पाडलेला पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा आणि काळे गोळे मोजायचे. अश्विनीला एकाहत्तर मिळाले. मग चंदाची उत्तरपत्रिका हातात आली.

पहिल्या छप्पन्न प्रश्नांची उत्तरं होती. एकही घर सरकलेलं नव्हतं. शपथ तिनं पाळली होती. त्यातली एकोणपन्नास बरोबर, आणि त्यात नळ आणि टाकीसुद्धा बरोबर. शेवटच्या चोवीस प्रश्नांचे गोळे कोरे.

मी पिवळा पेपर काढला, ते चोवीस प्रश्न कोणते ते पाहायला. एकोणऐंशीवा वाचला, ऐंशीवा वाचला. मग उठून कपाटातून लग्नपत्रिकांची गड्डी आणली आणि एकेक पत्रिका पेपराशी लावत गेले. दहाव्या पत्रिकेनंतर थांबले, पुढे लावायची गरजच उरली नव्हती. सरांनी काहीही पिसलं नव्हतं. मी लावलेली गड्डी फक्त उलटी केली होती.

ऐंशीवा प्रश्न होता, 'पाण्याचे रासायनिक सूत्र कोणते?' मी चंदाला हुरूप यावा म्हणून तो पहिला ठेवला होता. त्याच्यासमोर चारही गोळे कोरे होते.

"सर, हा पिवळा संच..."

"लक्षात आलं का?" सरांचा चेहरा असा फुलला होता की मला आधी काही कळेचना. त्यांनी ती वही माझ्यापुढे सरकवली. "ये, बघ. चौदा जोड्या. सरावाचे मार्क सारखे असलेली दोन-दोन मुलं. नाणं उडवून ठरवलं, कोणाला सोपं आधी आणि कोणाला अवघड आधी. सरासरी किती फरक पडला असेल? सांग!"

मी वहीतल्या ओळींवरून बोट फिरवत गेले.

"अकरा गुण! निर्मला, अकरा! सारखीच मुलं, तेच प्रश्न, फक्त क्रम उलटा. अवघड आधी आलं की पोर तिथंच खचतं, वेळ घालवतं. माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात हे प्रकरण म्हणजे..."

वहीत सातव्या ओळीत लिहिलं होतं, 'जोडी ७. डफळे, घोडमारे.' खाली दर दहा मिनिटांनी कोण कितव्या प्रश्नावर होतं त्याचे आकडे. पंधराव्या मिनिटाचा आकडा नव्हता, पण तो मला माहीत होता.

"उडी मारायची नाही, हा नियम तुम्ही म्हणूनच सगळ्यांना केला?" मी विचारलं.

"अर्थात. पोरं उड्या मारायला लागली तर क्रमाचा परिणाम कळणार कसा? ती कल्पना तुझीच बरं का. प्रबंधात मी लिहीनच तसं."

माझा केसानं गळा कापला होता आणि कापणारा माझे आभार मानत होता. मी चंदाकडून घेतलेली शपथ यांनी उचलून आपल्या कामाला लावली होती, आणि मी फळा पुसत हसले होते.

"आणि निकाल, सर? चंदाचं काय?"

"निकाल निकालाच्या जागी. पहिली डफळे, दुसरा तो राऊत."

"राऊतलाही पांढराच होता."

"मग?"

"परत घेऊ या परीक्षा. सगळ्यांना एकच क्रम देऊन. मी रात्रीतून स्टेन्सिल कापते."

"वेड लागलंय का? संस्थेला उद्या नावं पाठवायचीत." सरांनी चष्मा पुसला. "हे बघ, कोणाला तरी पिवळा मिळणारच होता."

"पण कोणालाच द्यायचा नव्हता! ही काय प्रयोगाची परीक्षा होती का? त्या पोरीची दोन वर्षं होती यात. सर, मी हेडसरांना सांगते."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग बोलले तेव्हा खोलीत आमच्याशिवाय कोणी नव्हतं, तरी मला म्हणाले, "खोडे मॅडम, जरूर सांगा. पण काय सांगाल? प्रश्नांची रांग तुम्ही लावलीत. नियम तुम्ही केलात. पेपर तुम्ही वाटलेत. आणि तुमच्या कायम नेमणुकीच्या शिफारशीवर सही मी करायचीय, येत्या शनिवारी. मी तर करणारच आहे. तुम्ही माझ्या विद्यार्थिनी."

निर्मलाची खोडे मॅडम झाली त्या क्षणी मला कळलं की या माणसाचं माझ्यावर कधी प्रेम नव्हतं, विश्वासही नव्हता. मी हाताशी होते, एवढंच.

मी खरंच हेडसरांच्या खोलीपर्यंत गेले. दारात उभी राहिले. घरी वडिलांचा दमा, धाकटी दोघं शिकणारी, माझी एक वर्षाची ऑर्डर, सगळं माझ्याबरोबर दारात उभं राहिलं. हेडसरांनी मान वर केली.

"बोला, मॅडम."

"सर... खडू संपलेत."

"शिपायाला सांगा की. त्यासाठी एवढ्या उन्हात?"

मी तोंडात मिठाची गुळणी धरून परत आले. निकालाच्या कागदावर तपासनीस म्हणून माझी सही लागत होती, तीही केली. नावं नागपूरला गेली.

जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. चंदा शाळेत पहिली आली. त्याच आठवड्यात माझी कायम नेमणुकीची ऑर्डर आली आणि सरांनी सगळ्यांना पेढे वाटले, माझ्या वतीनं. दुसऱ्या दिवशी चंदा दाखला घ्यायला आली. मी वऱ्हांड्यात होते. तिनं आधी मलाच गाठलं.

"मॅडम, तुमच्याशी बोलाचं होतं."

"बोल ना. मार्क फार छान पडले हं तुला."

"अश्विनी काल नागपूरले गेली. जायच्या आधी घरी आली होती." ती खांबाला टेकली नाही, सरळ उभी राहिली. "आम्ही पेपर आठवून पाहिला. तिचा पैला प्रश्न पाण्याचा होता. तिचा शेवटचा नळाचा. मले तं पैलाच नळाचा होता. मॅडम, माह्या पेपरात पाण्याचा प्रश्न होता का?"

"होता."

"कितवा?"

"ऐंशीवा."

तिनं मान हलवली. तिला ते माहीत होतं, फक्त माझ्या तोंडून हवं होतं.

"मी क्रमानंच गेली, मॅडम. एकबी उडी नाई मारली. तुमच्याकडं पाह्यलं बी होतं."

"हो."

"तुम्हाले माहीत होतं का?"

"नाही गं. देवाशप्पथ नाही. तेव्हा माहीत नव्हतं." हे खरं होतं, आणि ते सांगताना मला केवढा सुटल्यासारखा आनंद झाला! डोळ्यांत पाणीही आलं. चंदाचा चेहरा सैल पडला. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता, लगेच, पहिल्यासारखा.

"मी अश्विनीले तेच म्हटलं. मॅडमले माहीत असतं तं मॅडमनं असं होऊ देलंच नसतं." ती एक पाऊल जवळ आली. "मंग कधी कळलं तुम्हाले?"

खोटं बोलता आलं असतं. 'आत्ता, तू सांगितलंस तेव्हा' एवढंच म्हणायचं होतं. पण ते डोळे समोर होते.

"पेपर तपासताना."

"म्हंजे दुसऱ्याच दिवशी." तिनं मनाशी हिशेब केला. "तवा नावं गेली नवती."

मी वऱ्हांड्याच्या टोकाकडे पाहिलं.

"तुम्ही कोणाले सांगतलं, मॅडम?"

वऱ्हांड्याच्या टोकाला शिपायानं मधल्या सुट्टीची घंटा दिली. पोरं भसाभसा बाहेर आली, आमच्या दोन्ही बाजूंनी धावत गेली. चंदा उत्तराची वाट बघत उभी होती, चौथ्या प्रश्नावर अडली होती तशीच. मला उत्तर येत होतं. दिलं नाही.

"बरं," ती म्हणाली आणि ऑफिसात दाखला घ्यायला गेली.

पुढे सरांना पीएच.डी. मिळाली. त्यांचा प्रबंध आमच्या ग्रंथालयात आहे, काळ्या बांधणीचा. ऋणनिर्देशात माझं नाव आहे, 'प्रश्नांच्या काठिण्यक्रमाच्या मांडणीसाठी'. सर निवृत्त झाले, मग गेले, आणि आज त्या लांब टेबलाच्या पहिल्या खुर्चीवर मी बसते. चंदाचं पुढे काय झालं ते मला पक्कं माहीत नाही. कोणी म्हणतं कला शाखेतून बारावी केली, कोणी म्हणतं वडिलांनी अमरावतीला मामाकडे पाठवली. मी कधी चौकशी केली नाही. चौकशी करायला तोंड लागतं.

तिला मी शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, अर्ध्या तासानं. दाखला मिळाला की शाळा सोडणारी मुलं शिक्षकखोलीत येऊन सगळ्यांच्या पाया पडतात, ही आमच्याकडची जुनी रीत. आम्ही सगळे टेबलाशी डबे उघडून बसलो होतो. सरांनी आणलेल्या पेढ्यांचा पुडा अजून मधोमध होता. चंदा दारात आली. हातात दाखल्याची घडी.

"ये, ये, शाळेत पहिली आलेली पोरगी!" उमरकर सर म्हणाले.

ती पहिल्या खुर्चीपाशी वाकली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "मोठी हो." मग दुसऱ्या खुर्चीपाशी वाकली, हिंदीच्या बाईंच्या. त्यांनी तिला पेढा दिला. मग तिसऱ्या, पीटीच्या सरांच्या. मी घाईनं हात रुमालाला पुसले आणि पाय खुर्चीखालून जरा पुढे घेतले. तिनं हात लावला की काहीतरी बोलायचं, निदान माफी मागायची, असं मी ठरवलं होतं. वाक्यही जुळवलं होतं.

चंदा तिसऱ्या खुर्चीपासून उठली, माझ्यासमोरून सरळ पुढे गेली आणि पाचव्या खुर्चीपाशी, शिलाईच्या बाईंच्या पायाशी वाकली.